वाडीच्या ट्रकातला जन्म

"माय, इथं हात लाव बरं..." असं म्हणून कौसल्येनं रुखमाबाईचा पिठानं भरलेला हात ओढून आपल्या छातीवर ठेवला, आणि तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला तरी तो हात तिथून हलेना!

गाठ होती. बोराएवढी, टणक, न दुखणारी. रुखमाबाईच्या बोटांना ती ओळखीची होती. अशीच गाठ तिच्या धाकट्या बहिणीनं, तुळसानं, लाजेपायी पदराआड लपवली होती, आणि शेवटी अंगावर पिणारी पोर रुखमाबाईच्या ओटीत टाकून ती निघून गेली होती. ती पोर म्हणजे कौसल्या! हे मात्र कौसल्येला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होता तो आपला शहराबाहेरच्या वाडी गावातल्या गोदामापुढचा, ट्रकातला जन्म. रुखमाबाई दर वाढदिवसाला तो सांगायची, आणि दर वर्षी त्यात भर पडायची. आधी नुसता ट्रक होता, मग ड्रायव्हरांनी रांगेनं हॉर्न वाजवले, मग हवालदारानं सलाम ठोकला. अलीकडे सर्कशीचा हत्तीही आला होता.

दुसऱ्याच दिवशी दोघी प्रताप नगरच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीण शोभाताई, समोर शेठाणी असो, विड्या वळणारी असो की भाजीवाली, प्रत्येकीला एकच विचारत: घरात कोणाला छातीत गाठ झाली होती का? एकदा घाईत त्यांनी दाढदुखीच्या भैय्याजींनाही विचारलं होतं, आणि त्या भल्या माणसानं आठवून आठवून आत्यापर्यंतची माहिती दिली होती.

"आईला होती का?" त्यांनी कौसल्येला विचारलं.

"हे काय, माय बसली माझी! इले साधी सर्दी होत नाही."

"मावशीले होती!" रुखमाबाई घाईनं म्हणाली. तेवढ्यावर भागेल असं त्या बिचारीला वाटलं...

"मावशीला? हं. वय लहान आहे, महिनाभर वाट पाहू. आईला असती, तर मी आजच मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं."

महिनाभर! तुळसाही असंच 'पाहू, पाहू' करत गेली होती. जन्मभर जपलेलं एकच सुख रुखमाबाईनं आपल्याच हातानं काळजातून उपटून काढलं.

"डॉक्टरीणबाई... ते मावशी नव्हती. तेच हिची माय होती. मी... मी कोणीच नाही!"

कौसल्येनं तिच्या हातातला आपला हात काढून घेतला.

त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी मिळाली, लवकरच ऑपरेशन ठरलं. तोवर कौसल्या रुखमाबाईशी थेट बोललीच नाही. "त्यांले म्हणा, पाणी द्या," असं ती नवऱ्याला, बळीरामला सांगायची. तो इमानदारीनं मान वळवून खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या सासूला म्हणायचा, "पाणी द्या म्हणते." एकदा कौसल्या झोपेत बरळली, तर त्यानं तेही पोहोचवलं.

पाणी देताना रुखमाबाईच्या मनात एकच होतं... तिनं मले माय नाही म्हटलं तं नाही, पण जगू दे बाप्पा!

गाठ वाईटच निघाली, पण वेळेवर निघाली. "बरं झालं, तुम्ही बोललात," भेटायला आलेल्या शोभाताई म्हणाल्या. "आता कौसल्येच्या चिमुकल्या लेकीलाही मोठी झाल्यावर हे सांगायचं. लपवायचं नाही." रुखमाबाई त्यांच्या पाया पडायला वाकली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या सिंधूताईंनी विचारलं, "ह्या कोण वं तुझ्या?"

रुखमाबाईनं मान खाली घातली. 'मावशी' हा शब्द तिच्या ओठांवर आला, एवढ्यात...

"माय हाये माझी!" कौसल्येचा आवाज क्षीण होता, पण वॉर्डभर गेला. "वाडीले ट्रकात जनम देला इनं मले. समदे हॉर्न वाजवून राहिले होते. हवालदारानं सलाम ठोकला..." तिला दम लागला. भरल्या डोळ्यांनी तिनं रुखमाबाईकडे पाहिलं. "आन् एक हत्ती बी होता. नाही वं माय?"

बळीराम सवयीनं सासूकडे वळला, "एक हत्ती होता म्हणते."

रुखमाबाईनं पदरानं डोळे पुसले, लेकीचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली,

"एक नाही वं बाई... दोन होते!"