रांजणाखालची डबी

सुरय्याने ती पत्र्याची डबी परत केली आणि त्या दिवसापासून एका घरात दोन चुली पेटल्या!

डबीत ॲड्रिनलिनची काचेची कुपी होती आणि एक सिरिंज. धाकट्या जावेने, अमरीनने, ती अंगणवाडीत ठेवायला मोठ्या आशेने आणली होती. तिच्या चार वर्षांच्या जिशानला शेंगदाणा सोसत नसे. संक्रांतीला शेजारच्या चिक्कीच्या एका तुकड्याने त्याचा गळा सुजला, तेव्हा चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावले होते, "पुन्हा झालं तर गाडीची वाट पाहू नका. आधी मांडीत सुई द्या."

पण सुरय्या पोंभुर्ण्याजवळच्या एका गावची अंगणवाडी सेविका. सरकारी औषधपेटीतल्या गोळ्यांपलीकडे औषध द्यायचे नाही, सुई तर नाहीच, अशा लेखी सूचनेवर तिची सही होती.

"नियम नाई तसा, अमरीन... मले नाई ठेवता येत."

"तुमच्या पोटचा असता, भाभी, तं नियम पाह्यला असता काय?"

सुरय्याची ओटी रिकामी राहिली होती, आणि जिशान तिच्याच मांडीवर वाढला होता.

पुढच्याच सुटीला ती एकटी बसने चंद्रपूरला गेली. डॉक्टरांनी तिच्याकडून संत्र्यात तीनदा सुई टोचून घेतली आणि नव्या सिरिंजवर जिशानच्या मापाची निळी खूण करून दिली. नवी कुपी आणि ती सिरिंज दुसऱ्या एका डबीत घालून तिने ती प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि अंगणवाडीतल्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरली. उन्हाळ्यात औषध गार राहायला दुसरी जागा नव्हती. अमरीनला सांगावेसे फार वाटले. पण ती आनंदाच्या भरात चार जणींना सांगून बसली असती!

अमरीन मिरचीची देठे खुडायला जाई. सकाळी जिशानला अंगणवाडीच्या दाराशी सोडताना ती मदतनीस नीलाबाईलाच विचारी, "आज खायले काय हाय?" सुरय्याकडे बघतही नसे.

२००३ च्या एप्रिलात नीलाबाईने नातीच्या बारशाचे मोहाचे लाडू आणले. गावात बाळ आले की पहिला घास अंगणवाडीतल्या मुलांचा.

"शेंगदाणा?" सुरय्याने विचारले.

"एकबी नाई, बाई! तीळ हायेत नुसते."

ते खरेच होते. पण भाजलेली मोहफुले ज्या उखळात कुटली, त्यातच सकाळी तिच्या सुनेने शेंगदाण्याचे कूट केले होते.

अर्ध्या लाडवातच जिशान गळा खाजवू लागला. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिटीसारखा वाजू लागला... दवाखाना नऊ किलोमीटर आणि गावातली एकुलती जीप जंगलात गेलेली! सुरय्या दोन्ही हातांनी रांजणाखालची वाळू उकरू लागली.

"बाई, तुमची नोकरी जाईन नं!"

"त्याचा पाय धरा, नीलाबाई... हालू देऊ नका!"

कुपीची मान मोडताना तिचे बोट कापले. निळ्या खुणेपर्यंत औषध... मग मांडी... मग ती भयाण शांतता! आणि बऱ्याच वेळाने जिशानने टाहो फोडला. दुधाच्या गाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत तो रडत होता, आणि ते रडणे थांबू नये म्हणून ती अल्लाची करुणा भाकत होती.

तिसऱ्या दिवशी पर्यवेक्षिका आल्या. "आईनं दिली असं लिहा, सुरय्याबाई. आईले मनाई नाई. प्रकरण मिटते."

"मीच दिली!" अमरीन दारातून ओरडली. "लिहा, मी दिली!"

सुरय्याने पेन उचलले. "अन् उद्या दुसऱ्या कोणाचं लेकरू आलं तं? त्याची माय दिवसभर इथी बसून राहीन काय? सुई अंगणवाडीत होती म्हणून वाचला, हे कागदावर तं येऊ द्या..."

तिने लिहिले, "सुई मी दिली."

महिन्याभरात तिला कामावरून कमी केल्याचा आदेश आला.

त्या दुपारी अमरीनने आपली चूल फोडली. मातीचे हात तसेच घेऊन ती सुरय्यापुढे बसली आणि ती जुनी, परत केलेली डबी तिच्या ओटीत ठेवली.

"भाभी... मी काय बोलून बसली होती वं तुम्हाले..." तिने हातांची माती पदराला पुसली. "कामावर जातानी त्याले आता तुमच्यापाशीच सोडून जाईन. हे बी तुम्हीच ठेवा."

सुरय्याने डोळे पुसले, डबी उघडली, सिरिंज उजेडात धरून पाहिली.

"हिच्यावर खूण नाई," ती म्हणाली. "निळा पेन आण."