आईच्या स्टेशनापर्यंतची वायर

आमच्या विजेच्या सामानाच्या दुकानात बाबांचा एकच नियम. वायर कापण्याआधी गिऱ्हाइकाला दोन गोष्टी विचारायच्या – कशासाठी हवी आणि किती लांब न्यायची? सात वर्षं मी काउंटरवर बसतेय, कधी चुकले नव्हते. त्या दिवशी चुकले.

तो आत आला तेव्हा बाहेर भुरभुर चालू होती. चष्म्यावर थेंब, बाहीला खडूची पांढरी रेघ. मास्तर असणार! त्याने चष्मा काढून पुसला, माझ्याकडे बघून हसला... आणि मी ठार वेडी, सगळं विसरले.

"सगळ्यात बारीक वायर द्या. लाल आणि काळी."

"अगदी केसासारखी आहे हं."

"चालेल की."

मी मुकाट्याने दोन गुंडाळ्या काढून दिल्या.

चार दिवसांनी स्वारी परत हजर. या वेळी चेहरा उतरलेला.

"तुमची वायर दमते हो."

"वायर कधी दमते का?" मी फणकारले.

"मग गाडी दमत असेल. खेळण्यातली आगगाडी... हसू नका."

मी हसणारच होते, पण त्याचा आवाज ऐकून गप्प बसले. त्याचे वडील – तो त्यांना अण्णा म्हणायचा – शिंपी होते. आयुष्यभर कपडे शिवून झाल्यावर त्यांनी आणि त्याच्या आईने खोलीच्या चारी भिंतींना फळ्या ठोकून त्यावर छोटी आगगाडी मांडायला घेतली. रूळ अण्णांचे, पुठ्ठ्याची घरं आईची. पार पलीकडच्या कोपऱ्यातलं स्टेशन तिने सगळ्यात शेवटी केलं, आणि रूळ तिथवर पोचायच्या आतच ती गेली. अण्णांनी मग कशाला हातच लावला नाही.

"परवा त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे," तो म्हणाला. "त्याआधी गाडी एकदा आईच्या स्टेशनात गेलेली बघायचीय त्यांना. रूळ मी पुरे केले, वायर ओढली... पण गाडी मंदावत जाते आणि स्टेशनाच्या अलीकडेच थांबते. चार दिवस तेच चाललंय. अण्णा काही बोलत नाहीत, नुसते बघतात."

ती वायर मीच दिली होती.

मी बाबांना काउंटरवर बसवलं, दीड एमएमच्या जाड वायरीचं बंडल आणि वायरी डाग देऊन जोडायची सोल्डरिंग गन उचलली आणि त्याच्या मागोमाग निघाले.

दुपारभर आम्ही दोघं त्या फळ्यांखाली मांड्या घालून बसलो होतो.

"अंतर लांब असलं की बारीक वायरीत वीज वाटेतच सरते," मी सांगितलं. "मुख्य वायर जाड हवी, खोलीभर खालून फिरवायची. आणि दर दोन-तीन हातांवर तिच्यातून एक बारीक तुकडा वर रुळाला."

"म्हणजे माझी बारीक वायर अगदीच वाया गेली नाही?"

"नाही. तिला झेपेल एवढंच अंतर द्यायचं."

तो वायर धरायचा, मी सोल्डर लावायचे. एकदा त्याचं बोट माझ्या बोटांवर राहिलं... जरा जास्तच वेळ.

"तुम्ही रागावलात का?" त्याने हळूच विचारलं.

"हो. स्वतःवर."

"का बरं?"

"नंतर सांगेन. धरा नीट, भाजेल!"

संध्याकाळी अण्णांनी बटण फिरवलं. गाडी निघाली. पहिला कोपरा, दुसरा कोपरा... रोज अडायची ती जागा आली. गाडी तश्शीच पुढे गेली आणि चिंध्यांचे पडदे लावलेल्या त्या पुठ्ठ्याच्या स्टेशनात शिरली.

"पोचलो बघ गं," अण्णा म्हणाले. आमच्यापैकी कुणाला नव्हे.

ऑपरेशन झालं, पण अण्णा घरी आले नाहीत.

महिन्याने तो दुकानात आला. उरलेलं बंडल त्याने काउंटरवर ठेवलं.

"हे परत घ्या. मी सगळं मोडून टाकतोय."

"अहो, असं कसं?"

"गाडी सोडली की पलीकडे वाट बघणारं कुणी लागतं. मी एकटा काय करू?"

मी बंडलाला हात लावला नाही. डोळे भरून आले होते, पण आता नाही बोलले तर कधीच बोलणार नव्हते.

"मी स्वतःवर का रागावले होते, सांगू? वायर देण्याआधी आम्ही विचारतो, किती लांब न्यायची. तुम्हाला मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर अण्णांना चार दिवस ती अडलेली गाडी बघावी लागली नसती."

"मग का नाही विचारलंत?"

"कारण... कारण मी तुमच्याकडे बघत होते."

त्याने बंडल हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

"रविवारी येशील? स्टेशनाकडे... उभी राहायला?"

"येईन. गाडी किती वाजता सुटते?"

"तू आलीस की," तो म्हणाला.