तांबं प्रकाश परत का पाठवतं?

लोखंडाचा जाड पत्रा जो चुटकीसरशी कापतो, त्याने बोटाएवढ्या तांब्याच्या नळीपुढे हात टेकावेत? बरं, टेकले तर टेकले, पण कारण तरी धड सांगावं! आमचा बाळ्या नुसता म्हणाला, "प्रकाश परत आला. मी थांबलो." परत आला म्हणजे काय? प्रकाश काय बाजारात गेला होता?

बाळ्या म्हणजे आमच्या बंदरावरच्या होड्या दुरुस्त करायच्या कारखान्यातला यंत्रमानव. मानव म्हणायचं आपलं, नाहीतर तो आहे नुसता एक लांबलचक हात, आणि हाताच्या टोकाला फायबर लेसर. आणि मी सुरमयी. अख्खा गाव मला सुरमई म्हणतो. मी चिडते, मग तर जास्तच म्हणतात.

आमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात. हल्ली वाळू इतकी तापते की पिल्लं अंड्यातच मरतात. म्हणून शाळेमागे आम्ही वाळूचा एक खड्डा थंड ठेवतो. वाळूखालून तांब्याची वेटोळी नळी जाते आणि तिच्यातून गार पाणी फिरतं. त्या आठवड्यात खड्डा सांभाळायची पाळी माझी होती आणि नेमकी तेव्हाच नळी चिरली. चिरलेला तुकडा वाळूबाहेरचा होता म्हणून सोडवून तरी आणता आला. खड्ड्यावर ओली गोणपाटं टाकली, तरी तापमापकाचा आकडा धोक्याच्या लाल रेघेकडे सरकतच होता. दुपारपर्यंत नळी जोडली नाही, तर एकही पिल्लू वाचणार नव्हतं.

आता आमच्या घरची रीत अशी, की तांब्याची वस्तू काळी असताना दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. तांबटाकडे झाळून जोडायला द्यायची तरी आधी आमसूल आणि मीठ लावून लखलखीत करायची. कळकट भांडं पुढे करताना लाज कशी वाटत नाही, असं आई म्हणते. म्हणून मीही नळी घासली आणि मगच बाळ्याकडे नेली. त्याने काम करायच्या पेटीचं झाकण लावलं, मी बाहेरच्या पडद्यावर बघत बसले, आणि तो थांबला. मला वाटलं, कुठेतरी मळ राहिला असणार. पुन्हा आमसूल, पुन्हा मीठ, वर राख. नळीत माझं नाक दिसायला लागलं. या खेपेला बाळ्या आधीपेक्षाही लवकर थांबला.

गंमत पुढेच आहे. गेल्या उन्हाळ्यात एका होडीतली तांब्याची काळीकुट्ट पट्टी याच बाळ्याने मुकाट्याने जोडली होती! म्हणजे घाणेरडी पट्टी चालते आणि माझी स्वच्छ नळी चालत नाही? खरं सांगते, रडूच आलं.

शेवटी दत्तूआजोबांना हाताला धरून आणलं. ते आईचे काका. सगळा जन्म लेसरच्या प्रयोगशाळेत काढून आता गावी येऊन राहिलेत. माणूस मायाळू, पण एक खोड आहे. काही विचारलं की उत्तर देत नाहीत, उलटा प्रश्न विचारतात. इकडे जीव टांगणीला लागलेला आणि हे मला विचारतात, लेसर तयार कुठे होतो? मी हाताचं टोक दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि बाळ्याच्या बाजूचं दार उघडलं. आत केसाइतक्या बारीक काचेच्या धाग्याचं वेटोळं होतं.

त्या काचेत म्हणे यिटर्बियम (एक दुर्मीळ धातू) किंचित मिसळलेलं असतं. छोट्या दिव्यांचा प्रकाश धाग्यात सोडला, की यिटर्बियमचे अणू (पदार्थाचे अतिशय सूक्ष्म कण) ती ऊर्जा घेऊन तयारीत बसतात. मग एकाने प्रकाश सोडला, की तो प्रकाश जाता जाता दुसऱ्यालाही अगदी तसाच प्रकाश सोडायला लावतो. आरतीत एकाने टाळ्यांचा ठेका धरला की सगळे तोच धरतात, तसं. धाग्याच्या दोन्ही टोकांना आरशासारखी सोय असते. प्रकाश आतल्या आत येरझाऱ्या घालत वाढतो आणि एका टोकातून थोडा थोडा बाहेर पडतो. तोच फायबर लेसर.

"पण तो परत का येतो?" मी जवळजवळ ओरडलेच.

हा प्रकाश अवरक्त (लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) असतो, असं आजोबांनी सांगितलं. लोखंड त्यातला बराच शोषून घेतं, म्हणून तापतं आणि वितळतं. तांबं मात्र जवळजवळ सगळाच परत पाठवतं. याला परावर्तन (प्रकाश आपटून माघारी फिरणं) म्हणतात. तांबं जितकं चकचकीत, तितकं परावर्तन जास्त. तो माघारी आलेला प्रकाश धाग्यात शिरला तर बाळ्याचा स्वतःचाच धागा जळेल. म्हणून तो थांबत होता.

म्हणजे मी घासून घासून काम बिघडवलं होतं! करायला गेले एक आणि झालं भलतंच. मग नळी पुन्हा काळी करू का, असं मी रडवेली होऊन विचारलं. आजोबा नाही म्हणाले. काळा थर प्रकाश शोषेल खरा, पण तो थर सांध्यात अडकला तर नळी पुन्हा गळेल. त्या पट्टीतून पाणी थोडंच वाहायचं होतं? सांधा पक्का हवा तर तांबं स्वच्छच हवं.

स्वच्छ हवं आणि चकचकीत नको. हे कसं जमायचं?

"सुरमे, तांब्याचा रंग कोणता?" आजोबांनी विचारलं.

हा काय प्रश्न झाला? लालसर, असं मी तुटकपणे म्हटलं.

"उन्हात तर सगळे रंग असतात. तांब्यावरून तुझ्या डोळ्यांकडे लाल येतो. मग हिरवा, निळा कुठे जातात?"

मी नळी हातात घेऊन उजेडात फिरवली. परत येत नाहीत म्हणजे... म्हणजे त्यातले बरेच तांबंच ठेवून घेतं!

"आजोबा, मग बाळ्याला हिरवा प्रकाश का नाही देत?"

ते इतके खूश झाले की माझ्या पाठीत एक धपाटाच बसला. हिरवा लेसर करता येतो, म्हणाले. एक खास स्फटिक (अणू ठरावीक रचनेत बसलेला घन पदार्थ) घ्यायचा. त्यातून अवरक्त प्रकाश जाताना त्याचे दोन दोन कण (प्रकाशही कणाकणांनीच जातो) मिळून दुप्पट ऊर्जेचा एक कण होतो, आणि तो हिरवा असतो. सगळे कण काही जोडीने जात नाहीत, त्यामुळे ताकद कमी होते. पण हिरवा प्रकाश तांब्यात चांगला मुरतो.

"असं टोक माझ्या अवजारांच्या पेटीत आहे," बाळ्या शांतपणे म्हणाला.

विजेच्या होड्यांच्या बॅटऱ्यांमधलं तांबं जोडायला ते टोक आलं होतं. पण आमच्या बंदरावर कोणतंही हत्यार आलं की पहिला प्रश्न एकच, लोखंड किती जाड कापतं? जाड लोखंड त्या टोकाला दाद देईना, तेव्हा मंडळींनी ते पेटीत ठेवून दिलं. बाळ्याला कोणी विचारलंच नव्हतं आणि विचारल्याशिवाय बोलायची त्याला सवय नाही.

टोक बदललं. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला, तांबं वितळून चिरेत पसरलं, आणि बाळ्या म्हणाला, "सांधा पूर्ण." मी नळी घेऊन अशी धावले की एक चप्पल वाटेतच राहिली. पाणी सुरू झालं. आकडा लाल रेघेला टेकला होता. तो तिथेच अडून बसला आणि मग हळूहळू खाली आला. तरी मनात धाकधूक होतीच. अंडी बाहेरून बघून काय कळणार?

काही दिवसांनी, उन्हं उतरल्यावर, वाळू हलली. आधी एक डोकं, मग चिमुकले वल्ह्यासारखे पाय, मग एकमेकांवर चढत कितीतरी पिल्लं. सगळी अंडी फुटली नाहीत. वरच्या थरातली काही तशीच राहिली, आणि मला फार वाईट वाटलं. पण निघालेली पिल्लं आम्ही किनाऱ्यावर सोडली, आणि ती आपली आपण समुद्राकडे चालू लागली.

यांना वाट कोण सांगतं, असं मी विचारलं. आजोबा म्हणाले, समुद्राकडची बाजू जास्त उजळ असते, तिकडे ती जातात.

"पण त्यांना त्यात कोणता रंग दिसतो?"

आजोबांनी तोंड उघडलं. मी उलट्या प्रश्नाची तयारीच ठेवली होती. पण ते पिल्लांशेजारी वाळूत उकिडवे बसले.

"मला नाही माहीत गं," ते म्हणाले. "तूच शोध, आणि मला सांग."