झाकणाची अट

संघदीप भुताखेताला भिणारा माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून त्याला कोणी हसायला नको. तारेत करंट आहे की नाही, हे मीटर लावल्याशिवाय न मानणारा गडी. नागपूरच्या एका लहानशा कंपनीत तो कारखान्यांच्या मशिनींचे प्रोग्रॅम दुरुस्त करायचा. दोन हजार नऊच्या डिसेंबरात त्याला नवेगाव बांधच्या रस्त्यावरच्या एका उसन्या, म्हणजे धान उकडून केलेल्या, तांदळाच्या मिलमध्ये पाठवलं. काम किरकोळ होतं. मिलच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम उघडत नाही, लायसन्सची एरर येते, बघून ये. संध्याकाळच्या जेवणाला घरी येतो, असं बायकोला सांगून तो निघाला.

मिलच्या फाटकातच त्याच्या नाकात वास शिरला. भिजवलेलं धान वेळेवर वाफेवर गेलं नाही की आंबतं, आणि तो वास कपड्यांत, केसांत, पार तोंडातल्या थुंकीत जाऊन बसतो. मालक भूपेंद्रशेठ वाटच बघत होता.

"देखो साहेब, हौदातलं धान सडून राहिलं. खालचा स्क्रू फिरतच नाही. झाकण बंद असलं तरी कॉम्प्युटर म्हणते, बंद नाही. ती झाकणाची अटच काढून टाका. झंझटच नको."

आता ही अट काय, ते समजून घ्या. हौदाच्या खाली एक खोल खड्डा, खड्ड्यात मांडीएवढा जाड लोखंडी स्क्रू. तो फिरतो आणि ओलं धान पुढं ढकलतो. धान चिकटून बसलं की एका माणसानं खाली उतरून फावड्यानं ते मोकळं करायचं. खड्ड्यावर झाकण, झाकणाला स्विच, आणि झाकण उघडं असलं तर स्क्रू फिरू नये, अशी प्रोग्रॅममध्ये अट. खाली उतरणारा माणूस होता मनिराम. पन्नाशीचा, छातीत कायमचा खोकला. त्याचा जीव त्या एका अटीवर होता, आणि ती काढायला संघदीप आला होता.

कॉम्प्युटरची खोली खड्ड्याच्या वरच होती. भर दुपारी तिथं दिवा लावावा लागे, कोंड्याच्या धुळीनं खिडकीची काच आंधळी झाली होती. संघदीपनं प्रोग्रॅमवर क्लिक केलं. चौकट उघडली. लायसन्स दुसऱ्या माणसाच्या वापरात आहे. वापरकर्ता: गोपीचंद.

"हा गोपीचंद कोण? कुठं बसतो?"

दारात उभ्या मनिरामनं खोकला दाबला. "गोपीचंद साहेब मिलचे इंजिनेर होते... मागच्या साली वारले."

"मग त्यांचा कॉम्प्युटर कुठं चालू राहिला असेल."

"हा एकच कॉम्प्युटर हाय, साहेब."

संघदीपनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नेटवर्कची तार उपटली. घड्याळ, तारीख, सगळं तपासलं. वापरकर्ता: गोपीचंद. मग त्यानं लायसन्सची किल्ली, ते बोटाएवढं डोंगल, मागून उपसलं. डोंगल ओलं होतं आणि त्याला आंबलेल्या धानाचा वास येत होता. शर्टाला पुसून त्यानं ते स्वतःच्या लॅपटॉपला लावलं. त्या लॅपटॉपनं ही मिल जन्मात पाहिली नव्हती. तरी तेच नाव आलं.

"कसे वारले ते?"

मनिरामनं खाली, खड्ड्याकडे बोट केलं. "त्या दिवशी खाली उतरायची पाळी माही होती. मले म्हणे, तुले खोकला हाय, तू वर राह्य. अन् थो उतरला... तवा झाकण उघडं असलं तरी स्क्रू फिरे. वरून कोणंतरी बटन दाबलं. साहेब, त्याच्या तेराव्यापासून हे अट लागली. कोणं लावली, थे कोणालेच माहीत नाही."

"शेठनं दुसऱ्या कोणाला बोलावलं असेल."

"तुमच्या आंधी लई झन येऊन गेले. कोणालेच उघडता नाही आलं."

फोन वाजला. नागपूरहून साहेब होते. मिल चालू केल्याशिवाय परत येऊ नकोस, मोठं गिऱ्हाईक आहे, आणि नोकरीचं बघायचं असेल तर पुढचं तू समजून घे. फोन ठेवून संघदीप पडद्याकडे वळला. चौकटीत खाली एक सोय होती: वापरकर्त्याकडून लायसन्स काढून घ्यायचं का?

त्यानं होय दाबलं.

काही क्षण काहीच झालं नाही. मग खालून, खड्ड्यातून आवाज आला. लोखंडावर आतून कोणी पंजा आपटावा तसा. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा. मनिरामनं दाराची चौकट घट्ट धरली. लॅपटॉपवर प्रोग्रॅम उघडला होता.

मशीनची तार लॅपटॉपला जोडल्यावर झाकणाची ओळ त्याला लगेच सापडली. ओळीच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: माणूस आत आहे. आणि ओळ हिरवी पेटलेली होती. म्हणजे मशीनच्या हिशेबानं या घडीला खड्ड्यात माणूस होता.

संघदीप खाली गेला. स्विचला मीटर लावला. झाकण बंद, स्विच ठीक, तारा ठीक. झाकण उचलून त्यानं टॉर्च मारला. आत काळपट ओलं धान, स्क्रूची पाती आणि तो वास. माणूस नव्हता. फक्त कडेचं धान हळूहळू खाली घसरत होतं, कोणीतरी आत्ताच पाय काढून घेतल्यासारखं. त्यानं झाकण टाकलं. मशीनमधलं कार्ड बिघडलेलं असणार, तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला. पुढच्या आठवड्यात नवीन कार्ड आणू आणि अट परत लावू.

वर येऊन त्यानं ती ओळ पुसली आणि प्रोग्रॅम मशीनमध्ये भरला. खाली स्क्रू घरघरला, धान सरकायला लागलं. भूपेंद्रशेठनं त्याची पाठ थोपटली.

डोंगल त्यानं खिशात टाकलं. कोणी पुन्हा छेडछाड करायला नको, असं त्यानं शेठला सांगितलं. खरं म्हणजे त्याला ते तिथं ठेवायची भीती वाटली. गाडीत बसताना तो मनिरामला म्हणाला, "भाऊ, मेन स्विच पाडल्याशिवाय खाली उतरू नका. बिलकुल नाही."

"शेठ मेन पाडू देईन तं ना," मनिराम म्हणाला. मग हळूच, "त्यानं मले वर ठेवलं होतं, साहेब. तुम्ही काऊन पुसलं?"

संघदीपनं गाडीचं दार लावून घेतलं. गाडी निघाली.

सडक अर्जुनीला ढाब्यावर त्यानं चहा सांगितला. ट्रकांचे दिवे लागायला लागले होते. चहा समोर निवत होता आणि मनिरामचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. चूक केली आपण, साफ चूक केली. ओळ आत्ता परत लिहायची, मागं फिरायचं आणि मशीनमध्ये भरून यायचं. नोकरी गेली तर गेली. त्यानं लॅपटॉप उघडला. डोंगल खिशातच होतं. ते काढायच्या आधीच चौकट आली.

लायसन्स दुसऱ्या माणसाच्या वापरात आहे. वापरकर्ता: मनिराम.

मनिरामनं जन्मात माऊसला हात लावला नव्हता. संघदीपनं खिशातून डोंगल काढून मुठीत धरलं. टेबलावरचा फोन वाजला. भूपेंद्रशेठ होता.

"साहेब, स्क्रू पुन्हा बंद पडला. तेच येऊन राहिलं, झाकणाचं. तुम्ही तर काढलं होतं ना?"

"शेठ... मनिराम कुठं आहे?"

"धान अटकलं होतं, खाली उतरला. मी इकडून बटन दाबलं, थोडा फिरला अन् बंद झाला." शेठचा आवाज जरा उतरला. "आवाज देऊन राहिलो त्याले. ओ देत नाही..."

चौकट आपोआप मिटली. डोंगल अजून संघदीपच्या मुठीत होतं, ओलं. पडद्यावर प्रोग्रॅम उघडला होता, आणि दुपारी पुसलेली ओळ जागच्या जागी होती, हिरवी पेटलेली.

माणूस आत आहे.

तिच्या खाली तशीच आणखी एक ओळ होती. तीही पेटलेली.

माणूस आत आहे.