तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि तिच्याच ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून मी ती तिच्या तोंडून ऐकली आहे. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही.

भुतंखेतं अंधारातच भेटतात अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना आधीच सांगतो...

हे भर सकाळी अकराला घडलं.

गेल्या वर्षी, श्रावण संपता संपता, एका मंगळवारी. साताऱ्यात, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, आजूबाजूला चौदा माणसं फोनवर बोलत असताना.

बहिणीचं नाव शिवांजली. कोरेगावची. पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या एका कंपनीत ती ग्राहकांना फोन करते. सर्व्हिसिंगची तारीख आली आहे, माणूस पाठवू का, एवढंच विचारायचं.

पण एवढ्याशा कामालाही नियम होता. ग्राहकाला नावानं बोलवायचं. सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा आणि फोन ठेवताना एकदा. तिचा साहेब ऋषिराज पुण्याच्या कुठल्याशा ट्रेनिंगहून हे खूळ घेऊन आला होता. नाव घेतलं की गिऱ्हाईक आपलं होतं, असं त्याचं म्हणणं. स्क्रीनवर तीन चौकोन असायचे, नाव घेतलं की एकेक भरायचा. महिन्यात तीन फोन चुकले की नोकरी गेली.

शिवांजलीचे दोन चुकले होते.

त्या मंगळवारी तिनं रहिमतपूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर फोन लावला.

"नमस्कार, नाथाजी साहेब बोलताय का?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला... मग एक म्हातारी बाई बोलली.

"कोन पायजे?"

"नाथाजी साहेबांना द्या ना, मावशी. फिल्टरच्या कंपनीतून बोलतेय."

"मालक गेलं आमचं, बाई. आज पाचवा दिस हाय." "नाव नगा घिऊ. दहावा झाल्याबिगार हाक मारत न्हाईत आमच्यात. गेल्यालं माणूस मागं फिरतंय."

शिवांजलीला हे नवीन नव्हतं. तिचे आजोबा गेले तेव्हा तिच्या आईनंही घरात सगळ्यांना हेच बजावलं होतं. तिनं माफी मागितली. म्हातारीचं दुःख तिला मनापासून लागलं होतं, असं ती मला म्हणाली.

पण दोनच चौकोन भरले होते. आणि ऋषिराज कानाला हेडफोन लावून तिचाच फोन ऐकत होता.

तिनं आवाज अगदी बारीक केला.

"नाथाजी साहेब, आमच्याशी बोलल्याबद्दल धन्यवाद."

म्हातारीला ऐकू जाणार नाही, असं तिला वाटलं.

म्हातारीचा फोन स्पीकरवर होता.

आणि पलीकडून... लांबून, बहुतेक अंगणातून... एका पुरुषाचा आवाज आला.

"ओ..."

कामात गुंतलेल्या माणसाला दारातून हाक मारावी आणि त्यानं द्यावी, तशी साधी ओ.

"कुनाला हाक मारलीस गं, पोरी," म्हातारी म्हणाली. फोन कट झाला.

ऋषिराजला ती ओ ऐकू आली नव्हती. शिवांजलीच्या हट्टापायी त्यानं रेकॉर्डिंग लावलं. ओ च्या जागी नुसती खरखर होती. तीन वेळा नाव घेतलं म्हणून त्यानं तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.

तीन दिवसांनी ऑफिसात तिच्यासाठी फोन आला. नाथाजींचा मुलगा रविराज. फौजेतला, सुट्टी काढून आलेला.

"ताई, तुमच्यावर राग न्हाई. पण आईनं अन्नाला शिवायचं सोडलंय. मालक दारात उभं हायत म्हणती. कुणी हाक मारली, काय काम हाय, ते कळंपतोर हलत न्हाईत म्हणती."

मग मी काय करू, असं शिवांजलीनं विचारलं.

"हाक मारणाऱ्यानंच काम सांगावं लागतंय. न्हाईतर जावा म्हणावं लागतंय. तुमी दहाव्याला या."

दुसरी कुणी असती तर फोन ठेवून मोकळी झाली असती. पण ती ओ हिनं स्वतः ऐकली होती. रजा टाकून ती गेली.

ओढ्याच्या काठावर पिंड मांडले होते. समोरच्या बाभळीवर पंधरा-वीस कावळे होते. खाली एकही उतरेना.

रविराज हात जोडून म्हणाला, आईला अंतर देणार नाही. भावकीतल्या थोरल्यांनी शेताचा शब्द दिला. सुनेनं मुलांचा दिला. तासभर झाला. कावळे बसल्या जागी बसून होते.

मग सगळे शिवांजलीकडे बघायला लागले.

ती पुढे झाली. "काका, काही काम नव्हतं. तुम्ही जावा."

काही झालं नाही.

"काका म्हनून त्यास्नी कसं कळंल?" मागून म्हातारी, राहीबाई, म्हणाली. "नाव घिऊन बोलावलंस. नाव घिऊनच धाड."

शिवांजलीनं डोळे मिटले.

"नाथाजी काका... तुम्ही जावा."

"ओ."

या वेळी आवाज लांबून आला नाही. तिच्या उजव्या खांद्यामागून आला. पाठोपाठ तंबाखूचा वास...

तिनं वळून पाहिलं. मागे हातभर अंतरात कोणी नव्हतं. बाभळीवरचे सगळे कावळे एकदम उडाले आणि परत आले नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. माणसं अंघोळी उरकून घरी गेली.

परतीच्या एसटीत तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जा म्हणायला नाव घ्यावं लागतं. आणि नाव घेणं म्हणजे पुन्हा हाक मारणंच झालं. या माणसाला पाठवायची वाटच तिनं बंद करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आपल्या खुर्चीत बसली.

मागे कोणीतरी हळूच खाकरलं.

काम सांगायची वाट बघणारा माणूस खाकरतो, तसं.

घरी काही नाही, रस्त्यात काही नाही. हाक जिथून मारली, त्या खुर्चीमागे फक्त. दिवसभर. मधूनच तंबाखूचा वास.

चार दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी अकराला तिच्या मोबाइलवर फोन आला. नंबर तिनंच दहाव्याला दिला होता.

"राहीबाई बोलतीया. मालक घरातनं गेलं गं. दारात न्हाईत, गोठ्यात न्हाईत. तुज्याकडं आलं का?"

खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "हो मावशी. इथंच आहेत."



"पन्नास वर्सं संसार केला. लग्नात उखाण्यात नाव घेतलं, तेवढंच. मागनं कवा घेतलं न्हाई. आवं म्हनलं, आवं म्हनूनच हाक मारली." तिचा आवाज चिरकला. "मी नावानं हाक मारली असती तर माज्याकडं आलं असतं का गं?"

शिवांजलीनं वळून खुर्चीमागे पाहिलं.

"जरा फोन त्येंच्याकडं धर."

तिनं मोबाइल खुर्चीमागे धरला. त्यातून अगदी हळू, लाजल्यासारखा आवाज आला.

"नाथाजी..."

"ओ."

शिवांजलीच्या कानाशी.

"घरी या," राहीबाई म्हणाली.

काही नाही.

"आवं, घरी या की. जेवलासा का?"

नुसतं खाकरणं... मग म्हातारीनं पुन्हा नाव घेतलं. पुन्हा ओ आली. पुन्हा नाव. पुन्हा ओ. तो आवाज नावाला ओ देत होता, पण खुर्चीमागून हलत नव्हता. आणि म्हातारी पलीकडे हुंदके देत होती.

तेव्हापासून रोज अकराला राहीबाईचा फोन येतो.

मी शिवांजलीला म्हणालो, सोड ही नोकरी. दुसरीकडे बघ.

"सोडली तर त्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसेल," ती म्हणाली. "मग म्हातारीला ओ कोण ऐकवणार? आणि ती गेल्यावर... हे कुणाच्या हाकेची वाट बघत उभे राहणार?"

तिनं घड्याळात पाहिलं. अकराला पाच कमी होते. ती उठली आणि घाईघाईनं जिना चढून गेली. तिचा डबा पायरीवरच राहिला.

तिला थांबवायला तिचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं.

मी हाक मारली नाही. डबा उचलला आणि तिच्यामागे धावत वर गेलो.