मावळतीकडची खोली

रेखूने आजोबांची खोली तिसऱ्यांदा पुसली, तेव्हा उर्मीला रडूच कोसळलं.

रेखू म्हणजे घरांचे आराखडे आखणारा यंत्रमानव. चंद्रपूरला उर्मीच्या नव्या घरासाठी घेतलेल्या मोकळ्या प्लॉटवर तो प्रकाशाच्या रेषांनी अख्खं घर जमिनीवर उमटवायचा, अगदी खऱ्या मापाचं. आई-बाबा त्या रेषांमधून फिरत स्वयंपाकघर लहान तर होत नाही ना, ते पाहत होते. उर्मीकडे एकच काम होतं, आजोबांची खोली ठरवायचं. आजी गेल्यापासून आजोबा गावी एकटेच राहत. “मावळता सूर्य दिसेल अशी खोली देणार असशील, तर येतो,” असं त्यांनी नातीला सांगितलं होतं. त्या वेळचा चहा ते आणि आजी नेहमी एकत्र घ्यायचे.

म्हणून उर्मीने पश्चिमेचा कोपरा निवडला होता. रेखू मात्र तिथे सारखं न्हाणीघर आणि कोठी काढत होता.

“अरे, अशाने ते येणारच नाहीत!”

“आले, तर त्यांना रात्री झोप लागणार नाही,” रेखू म्हणाला. “चल, दाखवतो.”

शेजारी जाड विटांच्या भिंतींचं एक रिकामं गोदाम होतं. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन पडलं होतं. उर्मीने बाहेरून हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. मग आत जाऊन तीच भिंत चाचपली.

“इथे तर गार आहे!”

“लक्षात ठेव. दिवेलागणीला पुन्हा बघू.”

दिवेलागणीला बाहेरची बाजू निवत आली होती. आतली मात्र चांगलीच तापली होती.

“सूर्य तर गेला. मग ही आता कशी तापली?”

“भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ऊन छपरावर पडतं,” रेखू सांगू लागला. “दुपार कलली की तो खाली उतरतो आणि ऊन थेट या भिंतीवर येतं. विटेतून उष्णता सावकाश जाते. एक कण तापतो, तो शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या पुढच्याला. आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि मग भिंत रात्रभर खोली तापवत राहते. याला म्हणतात उष्णता-विलंब (उष्णतेला भिंत ओलांडायला लागणारा वेळ). पूर्वेची भिंत सकाळी तापते. तिला झोपायच्या वेळेपर्यंत निवायला सवड मिळते.”

मागच्या मे महिन्यात आजोबांना उन्हाने भोवळ आली होती, ते उर्मीला आठवलं. “म्हणजे मी त्यांना चुलीशेजारी झोपवणार होते?”

“म्हणून तिथे न्हाणीघर. रात्री तिथे कोण झोपतं? ताप तिथेच अडतो.”

“पण त्यांचा सूर्य?”

चहाची गोष्ट रेखूला कुणी सांगितलीच नव्हती.

उर्मी पूर्वेच्या खोलीत, रेषांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि मावळतीकडे टक लावून पाहू लागली. मग एकदम ओरडली, “रेखू, या खोलीचं दार, बैठकीचं दार आणि मागचं दार एका सरळ रेषेत आण! न्हाणीघर थोडं बाजूला सरकव!”

रेषा सरकल्या. “अरे वा,” रेखू म्हणाला, “आता वारासुद्धा आरपार वाहील.”

रविवारी आजोबा आले. पूर्वेच्या खोलीत स्टुलावर बसून त्यांनी तिन्ही दारांमधून लालबुंद सूर्य पाहिला. मग त्यांनी विचारलं, “आणि तुझी खोली कुठे आहे गं?”

उर्मीने जीभ चावली. “विसरलेच की!”

आजोबा हसले. रेखूची प्रकाशकांडी मागून घेऊन त्यांनी आपल्या खोलीला लागून एक चौकोन ओढला, जरा वाकडाच. उर्मी लगेच त्यात, मातीतच, आडवी झाली.

“पुरते हो, आजोबा. पण मी अजून वाढणार आहे.”

“मग भिंत जराशी सरकवू,” आजोबा म्हणाले.