रेणूचं बोलणं

आमची रेणू चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. आणि मी अमरावतीत मुलांना बोलायला शिकवते, तोच माझा व्यवसाय. लोक टोमणे मारायचे, ते लागायचेही.

कान ठणठणीत, जीभ ठणठणीत. नवरा, नितेश, त्याच्या घराण्यात सगळेच उशिरा बोललेले. म्हणजे फरक रक्तातूनच आलेला. अशा मेंदूला शब्द जुळवायला वेळ लागतो, सराव लागतो. दिवाळीत दर्यापूरजवळ सासरी गेलो, तेव्हा सासूबाईंना मी हे नीट समजावलं.

त्या वाती वळत होत्या. "घाई कावून करून राहिली वो? या घरात लेकरू बोललं का रक्तातलं एक माणूस चूप होते. नितेश बोलला, अन् त्याचा आजा चूप झाला."

मी हसले. म्हातारपणी वाचा जाते, त्यात नवल काय?

ओसरीवर मी रेणूपुढे पाण्याचा पेला धरून, ती मागेल म्हणून बसायची. अंगणात सासरे, चंद्रभान, कापूस वेचणाऱ्या बायांशी गप्पा हाणत असत. भारी बोलका माणूस. एका दुपारी ते म्हणाले, "औंदा कापूस..." आणि थांबले.

"पानी," रेणू म्हणाली.

मी तिला उचलून नाचले. मग अंगणात पाहिलं. सासरे माझ्या ओठांकडे बघत होते, परकी भाषा ऐकावी तसे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. कुठेही डाग नव्हता. आत्महत्यांच्या त्या वर्षांत गप्प झालेल्या शेतकऱ्याची गावाला धास्ती वाटायची. नितेशनं फवारणीचं औषध कुलपात टाकलं आणि आईवडिलांना आमच्याकडे आणलं. सासूबाईंनी कुणाला काहीच विचारलं नाही.

रेणू भराभर बोलू लागली. एका सकाळी अगदी सासऱ्यांसारखा घसा खाकरून मला म्हणाली, "सूनबाई, चहा मांड."

सासऱ्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

मी तेव्हा गरोदर होते.

बाळ आता वर्षाचं होईल. सासरे तर केव्हाच गप्प झालेत. रक्तातले बोलणारे दोघंच उरले, नितेश आणि रेणू. मला फार भीती वाटते.

दिवसभर लोकांची मुलं बोलकी करते. घरी बाळ "ब... ब..." करू लागलं की त्याच्या ओठांवर बोट ठेवते.

काल रेणू गोष्ट सांगत होती. बाळानं माझं बोट बाजूला सारलं.

"सूनबाई," ते म्हणालं.

रेणू गोष्ट मध्येच सोडून माझ्या ओठांकडे बघत राहिली.